मानेतली सुई

भारी कोटाच्या बाहीला पडलेलं भोक असं बुजवायचं की खुद्द कोटवाल्यालाही ते कुठं होतं ते सापडू नये, हे तिचं काम. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काउंटरमागे खिडकीला लागून तिचं टेबल होतं. त्यावर हवा तसा वाकवता येणारा दिवा, स्टँडवर बसवलेलं गोल भिंग आणि केसासारख्या बारीक सुया. कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे सोडवून घ्यायचे आणि भोकावर आधी उभे, मग आडवे विणत जायचं. तासाभरात नखाएवढी जागा भरली तरी हात चांगला चालला म्हणायचा. तिला सगळे रफूबाई म्हणत. दुकानाची मालकीणसुद्धा गिऱ्हाइकाला सांगताना म्हणायची, "आमच्या रफूबाईंकडे देते, काळजी सोडा."

तेवीस वर्षं ती त्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. त्यातली शेवटची बारा वर्षं तिचं डोकं दुखत होतं.

दुखणं उजव्या बाजूचं. मान जिथं कवटीला लागते तिथं सुरू व्हायचं, कानामागून वर चढायचं आणि डोळ्याच्या मागं येऊन ठाण मांडायचं. सुरुवातीला आठवड्यातून एखादा दिवस. मग दोन, मग चार. मग कधीतरी तिच्या ध्यानात आलं की आता न दुखलेले दिवस मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतायत. चष्मा बदलून झाला. डॉक्टरांनी शंका घेतली म्हणून अक्कलदाढ काढून झाली. कापसाची उशी, फोमची उशी, बिनउशीचं झोपणं, सगळं करून झालं. मेंदूचा फोटोही काढला. त्यात काही निघालं नाही, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, डोक्यात काही नाहीये तुझ्या!" आणि आपण काय बोललो ते कळून तिनं स्वतःच जीभ चावली. उरल्या गोळ्या. सकाळी एक, दुपारी एक आणि अगदीच निभेना झालं तर आणखी एक.

रफूबाईनं त्यावरून कधी घर डोक्यावर घेतलं नाही. तोंडातून ब्र काढला नाही. पण दुखणं सोसता सोसता बाकीचंही सगळं तिच्यापासून लांब गेलं. भाचीच्या लग्नात ती पहिल्या रांगेत बसली, हसली, फोटोत उभी राहिली, आणि घरी आल्यावर तिला नवरीच्या कपड्यांचा रंगही आठवेना. तिची आई गेली तेव्हा सगळं तिनंच निस्तरलं. औषधं परत केली, कपाट आवरलं, आलेल्यागेलेल्याला चहा दिला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बहीण म्हणाली, "दगड आहेस तू." रफूबाईला त्याचाही राग आला नाही. तिनं कपबशा विसळायला घेतल्या.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो शाळेत व्यायामशिक्षक. गळ्यात शिट्टी असायची, पण ती नुसती शोभेला, कारण त्याचा आवाजच असा होता की मैदानाच्या या टोकाला "सावधान" म्हटलं तर त्या टोकाला रस्त्यावरून जाणारा सायकलवाला पाय टेकायचा. पोरं त्याला तोफसर म्हणत. हा तोफसर घराच्या पायरीशी आला की बूट काढावेत तसा आवाज काढून ठेवायचा. बारा वर्षं तो घरात कुजबुजत होता. खुर्च्यांच्या पायांना त्यानं रबराची टोपणं बसवली होती, दाराच्या चौकटीला लोकरीच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मिक्सर लावायचा तर भांडं घेऊन शेजारी जायचं. बायको घरी आली की तो तिच्याकडं बघून एकच शब्द विचारायचा, "आहे?"

ती म्हणायची, "आहे."

की तो दिवा मालवायचा, पडदा ओढायचा आणि चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात जायचा. भला माणूस. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कधीच वैतागला असता, असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं.

त्यांना एकच मुलगी, छकू. दुखणं सुरू झालं तेव्हा आठ वर्षांची होती, आता वीस. मैत्रिणींना तिनं कधी घरी आणलं नाही. घरात गाणं म्हटलं नाही. हसू आलं तर उशीत तोंड खुपसून हसायची. दहा वर्षांची असतानाच ती इतकी हळू बोलायला शिकली होती की रफूबाईची बहीण म्हणायची, "ही पोर फोनवर आहे की नाही तेच कळत नाही गं." सगळ्यांना वाटायचं, किती गुणी मुलगी.

वेदनांच्या डॉक्टरकडं रफूबाई पहिल्यांदा गेली ती मालकिणीनं हात धरून नेलं म्हणून. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, सर्दीनं नाक लाल झालेल्या. त्यांनी आधी गोळ्यांचा हिशेब विचारला आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. "अहो, इतक्या गोळ्यांनीही डोकं दुखतं. त्या हळूहळू सोडाव्या लागतील." मग त्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि कवटीच्या खालच्या कडेवर अंगठा फिरवत फिरवत एका जागी दाबला. रफूबाईच्या उजव्या डोळ्यामागं लख्खकन कळ उठली.

"इथंच ना?"

"इथंच," रफूबाई म्हणाली. बारा वर्षांत त्या जागेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोकं काढलं, मागून. मानेतून एक रेघ वर टाळूपर्यंत नेली. "ही रक्ताची शीर नाही. मज्जातंतू आहे, जाणीव वाहून नेणारी तार म्हणा. ही चिडलीय. हिच्याजवळ एक इंजेक्शन देता येतं, नर्व्ह ब्लॉक म्हणतात त्याला. बधिर करणारं औषध आणि जोडीला सूज उतरवणारं. काहींना काही तास बरं वाटतं, काहींना काही आठवडे, काहींना महिने. आणि काहींना काहीच फरक पडत नाही, हेही आत्ताच सांगते. घाई नाही. विचार करा."

माहितीचा कागद घेऊन रफूबाई घरी आली. नवऱ्यानं तो दोनदा वाचला आणि कुजबुजला, "तू म्हणशील तसं." कागद तिनं कपाटाच्या खणात ठेवला आणि विचार करते असं सगळ्यांना सांगत राहिली. चार महिने. खरं म्हणजे ती विचार करतच नव्हती. खणाकडं नजर गेली की ती दुसरीकडं बघायची. बहिणीनं तर फोनवर धसकाच घेतला होता. "मानेत सुई? वेडबिड लागलंय का तुला? उद्या मान वाकडी झाली म्हणजे!" रफूबाई म्हणाली, "बरं." नको म्हणणारा भेटला की तिला बरं वाटायचं, कारण मग काहीच करावं लागायचं नाही.

मग तो रविवार आला. दुपारी तिघं जेवायला बसली होती. छकूनं शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाची लेखी परीक्षा चांगली दिली होती, तोंडीही झाली होती, आणि निकाल आदल्या दिवशी लागला होता. ती काही बोलली नव्हती, म्हणून बापानंच विचारलं.

"लेखीत पास," ती म्हणाली. "तोंडीत नापास."

"नापास? का? धडा येत नव्हता?"

"येत होता. त्यांना ऐकूच आलं नाही. तीनदा म्हणाले, मोठ्यानं बोला. मी बोलत होते मोठ्यानं." तिनं पानातलं एका कडेला सारलं. "शेऱ्यात लिहिलंय, वर्गात आवाज पोचणार नाही."

बाप पुढं झुकला. त्याच्या कपाळाची शीर तटतटली होती. "अगं मग ओरडून बोलायचं! घसा फाडून बोलायचं!" तो म्हणाला. आणि हे सगळं तो कुजबुजत म्हणाला.

रफूबाईनं दोघांकडं पाहिलं. आपण आता कळवळायला हवं, एवढं तिला समजत होतं. तिनं वाट पाहिली. काही आलं नाही. डोळ्यामागची कळ तेवढी होती, आणि तिच्याभोवती सगळं मेणासारखं. तिनं घास उचलला, चावला, गिळला. मग उठून हात धुतले आणि खणातून कागद काढला.

सोमवारी दुपारची सुट्टी घेऊन ती एकटीच दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी एक दांडगे गृहस्थ बसले होते. निवृत्त क्रेनचालक, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. तीस वर्षं मान वर करून काम केल्यानं त्यांची मान गेली होती, आणि हे इंजेक्शन त्यांनी तीनदा घेतलं होतं.

"दुखतं का हो?" रफूबाईनं विचारलं.

"सुई जाताना चावते मुंगीसारखी. मग दडपल्यासारखं होतं. मग डोक्याचा मागचा भाग दुसऱ्याचाच वाटतो. पहिल्या खेपेला मी घरी जाऊन केस विंचरले तर वाटलं, कुणाचं तरी डोकं विंचरतोय!" ते स्वतःच खो खो हसले. मग म्हणाले, "पहिलं दोन महिने टिकलं. दुसरं फुकट गेलं. तिसरं अजून चालू आहे. आपलं नशीब अजमावून बघायचं."

आत गेल्यावर तिनं कागदाच्या मागं लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारले. केस काढावे लागतील का? नाही, बाजूला केले की पुरे. फार क्वचित सुईच्या जागी थोडे विरळ होतात. चक्कर? येऊ शकते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवू. हात? तिनं आपली बोटं टेबलावर ठेवली. "हात जरासुद्धा बधिर झाले तर माझं काम संपलं."

"हातांचा या तारेशी संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बधिरपणा फक्त डोक्याच्या मागच्या उजव्या बाजूला, तोही काही तास. तेवढ्या भागात काही वाटणार नाही."

"मला तसंही काही वाटत नाही," रफूबाई म्हणाली.

ती हे अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाली. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, शेवटचं रडू कधी आलं ते विचारलं. रफूबाईला ते सांगता येईना.

"दुखणं इतकी वर्षं राहिलं की असं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते या सुईनं जाणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. त्यासाठी वेगळ्या माणसाशी बोलायला हवं." त्यांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला. "दोन्ही करा. एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नका."

त्या गुरुवारी इंजेक्शन ठरलं. नवरा शाळेत अर्धी रजा टाकून आला होता आणि बाहेर बाकाच्या अगदी कडेला, कुणी उठवेल की काय असा बसला होता. आत रफूबाईला खुर्चीत उलटं बसवलं. कपाळ उशीवर टेकलं. मान पुढं, नजर खाली. रोजचीच बैठक. मानेवर स्पिरिटचा गार बोळा फिरला, अंगठ्यानं जागा शोधली. मुंगी चावली. मग कातडीखाली कुणी बोट रेटावं तसा दाब आला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आता बसा."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. सात मिनिटांनी डोक्याचा मागचा भाग जड, लाकडासारखा झाला. बाराव्या मिनिटाला डोळ्यामागची कळ बारीक झाली. विसाव्या मिनिटाला तिनं तिला शोधलं. हळू मान वळवली, डोळे मिटले, उघडले. तिथं कुणीच नव्हतं.

आपण आनंदानं वेडे होऊ, निदान रडू तरी, असं तिला कधीकाळी वाटायचं. तसलं काही झालं नाही. गजर बंद झाल्यावर जशी नुसती खोली उरते, तसं तिचं डोकं नुसतं डोकं उरलं.

बाहेर आली तेव्हा नवरा उभा राहिला. "आहे?"

"नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. बारा वर्षांत या प्रश्नाचं हे उत्तर इतक्या क्वचित आलं होतं की पुढचं वाक्य त्याच्याकडं तयारच नव्हतं. "मग," तो कुजबुजला, "मग आता... रिक्षा करू?"

"चालत जाऊ," ती म्हणाली.

दोघं चालत निघाली. लोहाराच्या दुकानात पत्रा ठोकत होते. एरवी ती त्या गल्लीला वळसा घालायची. आज ती दुकानासमोर उभी राहिली आणि पाच-सहा ठोके तिनं नीट ऐकून घेतले.

पण घर काही एका दिवसात बदललं नाही. डोकं दुखायचं थांबलं तरी कुजबुज थांबेना. नवरा पडदे ओढत होता, छकू चवड्यांवर चालत होती. "मोठ्यानं बोल गं, मला काही होत नाहीये," असं रफूबाई म्हणाली की छकू एक शब्द जरा वर काढायची आणि दुसरा परत खाली घालायची. पुढची तोंडी परीक्षा अडीच महिन्यांवर होती.

नवव्या दिवशी, शाळेला सुट्टी होती तेव्हा, तोफसरांनी दोघींना मैदानावर नेलं. लेकीला एका टोकाला फुटबॉलच्या गोलखांबाशी उभं केलं. रफूबाईला दुसऱ्या टोकाला, भिंतीजवळ. "तू धडा म्हणायचा," त्यांनी लेकीला सांगितलं. "आईला ऐकू आलं की ती हात वर करेल." स्वतः ते मध्ये उभे राहिले.

छकूचे ओठ हललेले रफूबाईला दिसले. ऐकू काही आलं नाही. तिनं हात खालीच ठेवला. पुन्हा ओठ हलले. पुन्हा हात खाली. असं चारपाच वेळा झालं. शेवटी तोफसर भान विसरले आणि त्यांच्या तोंडून मैदानावरचा तो खरा आवाज निघाला, "पोटातून काढ! पोटातून!"

रफूबाई दचकली. तिचा हात आपोआप मानेमागं गेला. काही झालं नाही. नवऱ्याचा हा आवाज तिनं इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. हा असा आवाज असलेल्या माणसाशी आपण लग्न केलं होतं, हे तिला एखाद्या परक्या घरातली गोष्ट आठवावी तसं आठवलं.

"बी रुजायला," तिकडून बारीक आवाज आला, "पाणी, हवा आणि ऊब लागते."

रफूबाईनं हात वर केला.

"आणखी मोठ्यानं!"

"बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते!" आवाज मध्येच फाटला. छकूनं हातातली वही खाली टाकली. "मला गाणं शिकायचं होतं!" ती ओरडली. "ऐकू येतंय का आई? मला गाणं शिकायचं होतं! मला मैत्रिणींना घरी आणायचं होतं! मी आजारी पडायचे तेव्हा खोकायलासुद्धा मोरीत जायचे! ऐकू येतंय का तुला?"

मैदानाच्या मधोमध तोफसर खांबासारखे उभे होते. रफूबाईनं हात खाली घेतला नाही. शब्दन् शब्द ऐकू येत होता. आतून काहीतरी येईल म्हणून ती थांबली. रडू आलं नाही. पण ती हात तसाच वर धरून हळूच भिंतीला टेकली.

"येतंय," ती म्हणाली. मग लक्षात आलं की इतक्या लांब ते पोचणार नाही. म्हणून तिनं तेच मोठ्यानं ओरडून सांगितलं, "येतंय!"

तिघं घरी निघाली. छकूचा चेहरा लालबुंद झाला होता. वाटेत तिनं आईची पिशवी आपल्या हातात घेतली, एवढंच.

इंजेक्शन एकोणीस दिवस टिकलं. विसाव्या दिवशी दुपारी, एका लोकरी शालीवर काम करताना, कळ परत आली. पहिल्यापेक्षा बारीक, पण तीच. रफूबाईनं सुई खाली ठेवली. तिला वाईट वाटलं. वाईट वाटतंय हे कळायला तिला थोडा वेळ लागला, कारण ते फार दिवसांनी वाटत होतं. घरी तिनं सांगितलं, "दुखतंय. पण तुम्ही बोला." नवऱ्यानं पडद्याकडं नेलेला हात मागं घेतला. छकू पहिल्यांदा चाचरली, मग मोकळ्या आवाजात बोलायला लागली, आणि त्या संध्याकाळी रफूबाई कानावर उशी घेऊन का होईना, पण ते ऐकत पडली.

अडीच महिन्यांनी छकू तोंडी परीक्षेत पास झाली, काठावर. पुढच्या महिन्यात रफूबाईनं दुसरं इंजेक्शन घेतलं. ते सात आठवडे टिकलं. गोळ्या आठवड्याला दोनवर आल्या. अशी इंजेक्शनं वरचेवर घेता येत नाहीत, मध्ये निदान तीन महिने जावे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुढची पायरी म्हणून ती तार सुईच्या टोकानं तापवून बराच काळ गप्प करण्याचीही सोय होती. रफूबाईनं त्याचाही कागद आणला. या वेळी तो खणात गेला नाही. तिनं तो नवऱ्याबरोबर बसून वाचला, बहिणीला फोनवर वाचून दाखवला, तिची आरडाओरड शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि वर सांगितलं, "ताई, मान माझी आहे."

समुपदेशक बाईंकडं ती दर गुरुवारी जायला लागली. पहिले दोन गुरुवार ती नुसती बसून आली. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "दुखत नसतं तेव्हा तुम्ही काय करता?" रफूबाईनं बराच विचार केला आणि खरं ते सांगितलं. "दुखायची वाट बघते." पुढचे कितीतरी गुरुवार त्या एका वाक्यावरच गेले.

तार तापवायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. परवा मालकिणीनं काउंटरवरून वळून विचारलं, "मग? घेतली का तारीख?"

"या महिन्यात आठ दिवस दुखलं," रफूबाई म्हणाली. "आठच. पुढचा महिना बघते, मग सांगते."